हिवरखोपा हॉल्टवरचा बिननावाचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि स्वभावाने जळकुटा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर माझी हकीकत ऐकताना तुम्ही म्हणाल, "हा सारखा दुसऱ्यांच्या नावाने बोटं का मोडतो?" बोटं मला नाहीतच. पाय आहेत, ते लोखंडाचे. फळ्या आहेत, त्या लाकडाच्या. आणि पोटात जे सारखं दुखतं, ते कशाचं बनलेलं असतं मला ठाऊक नाही, पण माझ्यात ते भरपूर आहे.

माझा मुक्काम हिवरखोपा हॉल्टवर. जालन्याहून परतूरकडे निघालात की परतूरच्या जरा अलीकडे आमचं हॉल्ट लागतं. हॉल्ट म्हणजे स्टेशनाचं धाकटं भावंड. इथे स्टेशनमास्तर नाही, हमाल नाही, चहाचा ठेला नाही. एक बुटका फलाट, एक कडुलिंबाचं झाड, गावाच्या नावाची पिवळी पाटी आणि तिकिटाच्या खिडकीची एक खोली. खिडकीत रामकिसन बसतो. तो रेल्वेचा नोकर नाही. विकलेल्या तिकिटांवर त्याला थोडं कमिशन मिळतं. गाडीची वेळ झाली की तो शेतातून येतो, हात धुतो, खिडकी उघडतो आणि गाडी गेली की परत कपाशीत जातो.

माझा जन्म कसा झाला ते सांगतो. पूर्वी इथून छोटी लाईन जायची. मग मोठी लाईन आली, छोट्या लाईनीचे रूळ उखडले गेले आणि भंगाराच्या वाघिणीत भरून कुठेतरी रवाना झाले. काही आखूड तुकडे आणि रुळांखालचे काही जुने लाकडी स्लीपर मात्र फलाटाशेजारी गवतात पडून राहिले. रूळ टाकणाऱ्या गँगमध्ये कचरू नावाचा एक माणूस होता. त्याच्या हातात लोहारकी होती. त्याने ते तुकडे कापले, जोडले, त्यावर स्लीपरांच्या फळ्या ठोकल्या आणि मला लिंबाखाली उभं केलं. मग स्वतःच माझ्यावर धपकन बसून पाहिलं.

"बिलकुल हालत न्हाई," तो म्हणाला. "हत्ती बसला तरी याला काय होत न्हाई."

माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. पण मला कुणी मागवलं नव्हतं, माझ्यासाठी कुणी मंजुरी दिली नव्हती. त्यामुळे मी कुणाचाच नव्हतो, आणि जो कुणाचाच नाही त्याला विचारणारंही कुणी नसतं. हे मला पहिल्याच वर्षी कळलं आणि तेव्हापासूनच मी जळायला लागलो.

सगळ्यात आधी जळलो ते नव्या रुळांवर. तुम्हीच सांगा, माझे पाय रुळांचे, आणि समोर पडलेले तेही रूळच. पण त्यांचा थाट बघा! रोज सकाळी सांडू येतो. त्याला चाबीवाला म्हणतात. खांद्यावर हातोडा, हातात लाल-हिरवी झेंडी. तो रुळाच्या कडेने चालत जातो, कुठे काही सैल झालंय का बघतो, सैल दिसलं की ठोकून घट्ट करतो. ऊन असो, पाऊस असो, दिवाळी असो, सांडू चुकत नाही. एक दिवस तो आजारी पडला तर दुसरा माणूस आला. कारण रुळांच्या देखभालीचा पैसा दर वर्षी आधीच बाजूला काढून ठेवलेला असतो. आज कुणाला दया आली म्हणून रूळ तपासायचे आणि उद्या नाही आली म्हणून सोडून द्यायचे, असं तिथे चालत नाही. माझ्या डोळ्यांदेखत ही विचारपूस रोज चालायची. माझा एक बोल्ट सैल झाला होता तेव्हा मी किती दिवस वाट पाहिली! सांडू माझ्यावर बसून भाकर खायचा आणि निघून जायचा. त्याचा काही दोष नाही, मी त्याच्या कामात नव्हतोच. पण मला राग यायचा.

तरी ते दिवस बरे होते. पॅसेंजर थांबायची. परतूरच्या बाजाराला निघालेल्या बाया माझ्यावर गाठोडी ठेवायच्या. कॉलेजची पोरं पाठीला दप्तर लावून भांडत बसायची. एकदा एक नवरी सासरी निघाली होती, ती माझ्यावर बसून रडली आणि रडता रडता तिने पिशवीतला लाडू खाल्ला. माझ्या फळ्या माणसांच्या बसण्याने गुळगुळीत झाल्या. परतूर स्टेशनावर ग्रॅनाइटचे बाक आलेत असं मी ऐकत होतो. ते ऐकून नाक मुरडायचो, पण रात्रभर तळमळायचोसुद्धा.

मग करोना आला आणि गाड्या बंद झाल्या. पुढे त्या सुरू झाल्या, पण आमच्या हॉल्टवर थांबेनात. पॅसेंजर समोरून जायची, खिडकीतली माणसं आमच्याकडे बघायची आणि आम्ही त्यांच्याकडे. लोकांनी अर्ज केले, निवेदनं दिली, रुळाकडेला बसून घोषणा दिल्या. शेवटी थांबा मिळाला. पण कसा? प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिन्यांसाठी. म्हणजे सहा महिने गाडी थांबणार आणि मग वरचे लोक बघणार, परवडतं का.

गावाने त्या दिवशी जी धमाल केली ती विचारू नका. बँड आला. इंजिनाला हार घातला, ड्रायव्हरला फेटा बांधला, मला गुलालाने माखून ठेवलं. सहा महिने सरले, परत अर्ज, परत मुदतवाढ, परत बँड आणि परत फेटा. दर सहा महिन्यांनी आमच्या हॉल्टचा नव्याने जन्म व्हायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याच्या जिवाला घोर लागायचा.

आणि इथेच गावाची एक समजूत होऊन बसली. लोकांना वाटायचं, हॉल्ट सुंदर दिसलं की थांबा कायमचा होईल. या समजुतीचे म्होरके होते कल्याणराव. ते गावातले मोठे बागायतदार, मनाने उदार. कुणी काही मागितलं की नाही म्हणायचे नाहीत. फक्त दिलेल्या वस्तूवर नाव लागलं पाहिजे, एवढीच अट. पहिल्या मुदतवाढीला त्यांनी आईच्या स्मरणार्थ थंड पाण्याची टाकी दिली. दुसरीला चुलत्यांच्या स्मरणार्थ दिव्याचा खांब. तिसरीला वडिलांच्या स्मरणार्थ एक स्टीलचा बाक, तोही नेमका माझ्या शेजारी!

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय तो चकचकीत बाक! ऊन पडलं की डोळे दिपायचे. बसायला तीन वेगळ्या जागा, मध्ये वळणदार हात. आणि पाठीवर हातभर लांब लाल अक्षरं, 'कै.' पासून सुरू होणारं वडिलांचं पूर्ण नाव आणि खाली कल्याणरावांचं. लोक येता-जाता ते नाव मोठ्याने वाचायचे. माझ्यावर वाचण्यासारखं काय होतं? कुणीतरी चाकूने कोरलेला एक बदाम, तोही अर्धवट. मला नाव हवं होतं. कुणाचंही चाललं असतं. नाव असलं की माणूस म्हणतो हा अमक्याचा बाक, आणि मग कुणीतरी त्याची काळजी घेतो, असं मला वाटायचं.

त्याहून वाईट पुढेच झालं. झुंबरबाई त्या नव्या बाकावर बसली.

झुंबरबाई कोण ते सांगायला हवं. ती आमच्याच गावची, साठीच्या पुढची, बोलायला फटकळ. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. दर दोन-तीन दिवसांनी तिला जालन्याच्या दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. ते चुकलं तर अंगात विष साठतं. जीपमध्ये कोंबून बसणं तिला झेपत नाही. एसटी धरायची तर हमरस्त्यावरच्या वाटूरपर्यंत कुणीतरी सोडायला हवं आणि पुढे जागा मिळेलच असं नाही. म्हणून ती सकाळच्या पॅसेंजरने जाते आणि दुपारच्या पॅसेंजरने परत येते. सोबत सून वंदना असते. हॉल्टवरचा थांबा म्हणजे इतरांसाठी सोय होती. झुंबरबाईसाठी तो जीवच होता.

ती माझं माणूस होती. सकाळी यायची, माझ्यावर पाय वर घेऊन बसायची, रामकिसनची खेचायची. "रामकिसन, तुझी खिडकी उघडती का आता का मुहूर्त बघून राह्यला?" असं म्हणायची. मी तर त्या दवाखान्यातल्या मशीनवरही जळायचो. वंदना एकदा सांगत होती, त्या मशीनची किती बडदास्त, रोज धुणं, रोज तपासणं. म्हटलं, असेल बाबा. पण बसायला तर ती माझ्याकडेच येते.

आणि तीच झुंबरबाई त्या चकचकीत बाकावर टेकली. वर म्हणाली, "गार लागतंय गं, वंदना." मी तोंड फिरवलं असतं, पण मला तोंड नाही.

दुपारी ती परत आली. मशीनवरून उठल्यावर तिच्या अंगात त्राण नसायचं. गाडीतून उतरलं की घटकाभर आडवं व्हावं लागायचं, मगच घरापर्यंत चालणं जमायचं. वंदनाने तिला नव्या बाकावर नेलं. झुंबरबाई लवंडायला गेली आणि ते वळणदार हात तिच्या बरगडीत रुतले. तिने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. माणूस तिथे बसू शकत होता, निजू शकत नव्हता.

"आत्याबाई, इकडं या," वंदना म्हणाली आणि तिला माझ्याकडे घेऊन आली. झुंबरबाई पाय पसरून माझ्यावर निजली, पदर तोंडावर घेतला. त्या दुपारी मी शेजाऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुम्ही पाहायला हवी होती.

दिवस गेले. थंड पाण्याची टाकी कोरडी पडली, कारण मोटार जळाली आणि ती दुरुस्त करायची कुणी हे ठरेना. दिव्याच्या खांबावरचा बल्ब गेला, तो गेलाच. कल्याणरावांना विचारलं तर ते म्हणायचे, "बल्ब काय द्यायचा? पुढच्या टायमाला आख्खा नवा खांब देतो." बल्बवर नाव कुठे लिहिणार? स्टीलच्या बाकाचे बोल्ट सैल झाले. एकेक करून पडले. त्याच्या पाठीवरचं नाव मात्र शाबूत होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि खरं सांगतो, झालाही. रोज एक पांढरीशुभ्र गाडी आमच्यासमोरून न थांबता धूळ उडवत जायची. तिच्या काचा पुसायला, तिच्या दारात उभं राहायला माणसं होती. तिच्याकडे बघून मी आणि तो स्टीलचा बाक, दोघेही जळायचो.

मग पुन्हा सहा महिने संपत आले. या वेळी रेल्वेचे एक साहेब स्वतः हॉल्ट पाहायला येणार असा निरोप आला. गावाने फलाट झाडला, पताका लावल्या. साहेब दुपारी आले. कल्याणरावांनी त्यांना मानाने वडिलांच्या बाकावर बसवलं, आपण शेजारी बसले आणि चहा मागवला.

साहेबांनी कप तोंडाला लावला आणि बाक एका अंगाला कलला. साहेब मधल्या हातावरून कल्याणरावांच्या अंगावर कलंडले, चहा दोघांच्या धोतर-पँटीवर सांडला. मला हसता येत नाही. पण माझ्या फळ्या करकरल्या, ते हसणंच होतं.

साहेब उठले, पँट झटकली. चांगले होते, चिडले नाहीत. "हा बाक कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"आमच्या वडिलांच्या नावानं हाय, साहेब."

"ते मी वाचलं. याचे बोल्ट कोण आवळतं?"

कल्याणरावांनी रामकिसनकडे पाहिलं, रामकिसनने लिंबाकडे पाहिलं. साहेबांनी पाण्याच्या टाकीची तोटी फिरवली. तोटीतून एक मुंगळा बाहेर आला.

तेवढ्यात पॅसेंजर आली. झुंबरबाई उतरली, वंदनाच्या खांद्यावर भार टाकत आली आणि माझ्यावर आडवी झाली. कुणी साहेब आलेत याचं तिला भान नव्हतं.

साहेब सांगत होते, "हे बघा, माझ्या हातात फक्त सहा महिने आहेत. कायमचा थांबा हवा तर त्यामागे कायमचा पैसा हवा. दर वर्षी ठरलेला. पॅसेंजर गाड्या तोट्यात चालतात, तिकिटातून त्यांचा खर्च कधीच निघणार नाही. तो कुणी द्यायचा, केंद्राने, राज्याने की जिल्ह्याने, हे एकदा ठरलं तर आम्हीही पुढचं ठरवू. आज इकडून थोडे, उद्या तिकडून थोडे, अशाने आम्हालाही उद्याचं काही सांगता येत नाही."

"फिकर करू नका साहेब," कल्याणराव म्हणाले. "आपण कमान बांधू. मोठी. सिमेंटची. वडिलांच्या नावानं. रुळावरनं जाणाऱ्याला दुरून दिसली पाहिजे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता कमानीवरही जळावं लागणार.

"कल्याण," झुंबरबाईचा आवाज आला. पदर तोंडावरच होता. "इकडं ये जरा."

कल्याणराव जवळ आले. गावात ते कितीही मोठे असले तरी तिच्यापुढे लहानच होते. "काय माय?"

"मला दवाखान्यानं येकदा मशीनवर घेतलं, हार घातला, बँड वाजवला, भितीवर माझं नाव लिवलं. अन् मंग म्हणले, जा आता, सहा महिन्यांनी बघू. तर मी जगन का?"

उत्तर तिनेच दिलं.

"न्हाई जगणार. मला दोन-तीन दिवसाला लागतंय ते. बराबर लागतंय. माझ्या मनात आलं म्हणून न्हाई, डाक्टरच्या मनात आलं म्हणून न्हाई. गाडीचंबी तसंच हाय बाबा. तिला रोज लागतंय. बल्ब लागतोय, पाणी लागतंय, झाडू लागतोय. तू कमान देशील. कमानीखाली गाडी न्हाई थांबली तर मी काय कमानीत बसून जालन्याला जाऊ?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मला वाटलं होतं कल्याणराव चिडतील. चिडलेच ते. चार दिवस हॉल्टकडे फिरकले नाहीत. मग लिंबाखाली ग्रामसभा भरली, आजूबाजूच्या गावांचे सरपंचही आले. ठरलं ते असं. कमान नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने हॉल्टच्या देखभालीसाठी दर वर्षी काही पैसे बाजूला ठेवायचे, सरपंच बदलला तरी ठेवायचे. आणि सगळ्यांनी मिळून सरकारकडे मागणी करायची की पॅसेंजर गाड्या आणि असे थांबे यांच्यासाठी अंदाजपत्रकात दर वर्षीची कायम तरतूद करा, आम्हाला सहा महिन्यांची भीक नको. कल्याणरावांनीही कमानीसाठी काढलेले पैसे त्यात टाकायचं कबूल केलं.

"पण मंग नाव कुठं येईन?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठंच न्हाई," रामकिसन म्हणाला.

कल्याणरावांचा चेहरा पडला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला तो माणूस आपला वाटला. शेजारच्या गावात दुसऱ्या कुणी तरी देवळाला कमान बांधली होती, तेव्हापासून ते जळत होते हे लोकांच्या कुजबुजीतून मला तेव्हा कळलं. मी जसा स्टीलच्या बाकाकडे बघायचो, तसे ते त्या कमानीकडे बघत होते.

साहेबांनी त्यांच्या हातातले सहा महिने तेवढे दिले. पावसाळा गेला, कापूस फुटला, तरी पुढचं वरून काही कळेना. मुदत संपायचा दिवस आला. त्या सकाळी झुंबरबाई माझ्यावर बसली होती, आज गेलं तर परवा कसं जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. वंदना सारखी रुळाकडे बघत होती. रामकिसनचा फोन वाजला. तो बोलता बोलताच खोलीतून धावत बाहेर आला.

"माय, थांबा राह्यला! सहा महिन्यांचं आता काय न्हाई. पुढील आदेशापर्यंत, म्हणले."

"म्हंजी कवर?"

"पुढला आदेश येईस्तोवर."

"अन् तो कधी येतो?"

"ते त्यांनाच म्हाईत न्हाई."

झुंबरबाई खळखळून हसली. "मंग बरंय. डाक्टरनं मलाबी तेच सांगितलंय."

सरकारकडे गेलेली मागणी कुठवर पोचली ते मला ठाऊक नाही. अजून कायमची तरतूद झाल्याचं कुणी सांगितलेलं नाही, आणि ती होईपर्यंत मी निर्धास्त नाही. पण टाकीला पाणी आहे. खांबावर बल्ब आहे. शेजारच्या बाकाचे बोल्ट नवे आहेत आणि त्या निमित्ताने माझेही आवळले गेले.

परवाची गोष्ट. कल्याणराव लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन हॉल्टवर आले. झुंबरबाई नुकतीच गाडीतून उतरून माझ्यावर पहुडली होती.

"माय, हा थांबा तुझ्यामुळं राह्यला," ते म्हणाले. "या बाकावर तुझं नाव टाकतो. मोठ्या अक्षरात."

ज्यासाठी आयुष्यभर जळलो, ते समोर डब्यात होतं. नावही कुणाचं, तर झुंबरबाईचं! मग माझं लक्ष शेजाऱ्याच्या पाठीवर गेलं. टाकीवर गेलं. खांबावर गेलं. प्रत्येक मोठ्या नावाच्या आधी तेच एक अक्षर होतं, 'कै.' आमच्या हॉल्टवर ज्यांची ज्यांची नावं मोठ्या अक्षरात लिहिलेली होती, त्यांपैकी एकही माणूस आता गाडीला येत नव्हता. मी मनातून ओरडलो, नको! लिहू नका!

"बाबा, मी अजून निजून राह्यले ना याच्यावर," झुंबरबाई डोळे मिटूनच म्हणाली. "नाव कशाला लिवतो? रंग आणलाच हाय तर फळ्यांला लाव. खालून वाळवी लागून राह्यली."

कल्याणरावांनी डब्याचं झाकण उघडलं. मग धोतर सावरून खाली बसले आणि माझ्या फळ्यांना खालच्या बाजूने, जिथे कुणालाही दिसणार नाही तिथे, रंग लावू लागले.

म्हणून मित्रांनो, तुम्ही कधी आमच्या हॉल्टवर आलात तर माझ्यावर नाव शोधू नका, ते नाही. मला ते नकोही आहे. दर वर्षी एक हात रंग, बोल्टाला एक फेरा, आणि हे सगळं पुढच्या वर्षीही होणार आहे अशी खात्री, एवढं मिळालं तर मी कुणावर जळणार नाही. त्या पांढऱ्या गाडीवर थोडा जळेन, तेवढं चालवून घ्या. उद्या सकाळी झुंबरबाई पुन्हा येणार आहे. गाडी थांबेल ना, तेवढं मात्र बघा.